औरंगाबादेतील संगणकाचा आवाज : साउंड कार्ड आणि ऑनबोर्ड

संगणकात साठवलेला आवाज म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग. स्पीकरला आकडे कळत नाहीत; त्याचा पडदा हलवायला सतत कमीजास्त होणारा विद्युतदाब लागतो. आकड्यांचा दाब करणारे, आणि उलट दिशेने माइकच्या दाबाचे आकडे करणारे मंडल एकतर मदरबोर्डवरच बसवलेले असते, नाहीतर स्लॉटमध्ये खोचलेल्या किंवा अलीकडे यूएसबीने जोडलेल्या स्वतंत्र साधनात असते. पहिल्याला बाजारात ऑनबोर्ड साउंड म्हणतात, दुसऱ्याला साउंड कार्ड. यांतले कोणते घ्यावे हा प्रश्न औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, गेल्या तीन दशकांत वेगवेगळ्या लोकांना पडला आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे निघाले. त्याचे कारण कार्डाच्या किमतीपेक्षा आवाजाच्या दिशेत सापडते. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा प्रश्न मदरबोर्डने हळूहळू जवळजवळ फुकटात सोडवला. आत जाणाऱ्या आवाजाचा, म्हणजे माणूस माइकसमोर बोलतो किंवा गातो त्या आवाजाचा प्रश्न मात्र मदरबोर्डला नीट सोडवता आला नाही. या शहरात रेडिओ होता, गायन पार्ट्या होत्या, विद्यापीठात मराठी उच्चारांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा होती; त्यामुळे हा दुसरा प्रश्न इथे कायम जिवंत राहिला.

आवाज ‘आत’ घेण्याची शिस्त शहरात संगणकाच्या कितीतरी आधी आली. निजामाच्या राज्यात १९३३ साली टपाल-तार खात्यातील महबूब अली यांनी हैदराबादेत २०० वॅटच्या प्रक्षेपकावर रेडिओ सुरू केला आणि १९३५ मध्ये तो निजाम सरकारने ताब्यात घेतला. पुढे औरंगाबादलाही संस्थानी रेडिओ केंद्र झाले. स्वातंत्र्यानंतर संस्थानांची जी मोजकी केंद्रे आकाशवाणीकडे आली त्यांत म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा आणि हैदराबाद यांच्या पंगतीत औरंगाबादचे नाव आहे. हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे १ एप्रिल १९५० रोजी आकाशवाणीत सामील झाली. मराठवाड्याच्या इतिहासात या गोष्टीची दखल फारशी घेतली जात नाही, ती घेतली जायला हवी. ते जुने केंद्र पुढे टिकले नाही. १९६८ मध्ये परभणीला आकाशवाणी आली आणि सत्तरच्या दशकात औरंगाबादला पुन्हा केंद्र मिळाले. जालना रोडवरचा आकाशवाणी चौक त्याच्याच नावाने ओळखला जातो.

रेडिओच्या स्टुडिओत पाव इंची फितीवर ध्वनिमुद्रण होई, आणि त्यामागे एक साधा नियम असे. माइकमधून निघणारा संकेत अतिशय क्षीण, एक-दोन मिलिव्होल्टचा असतो. तो हजारपट वाढवावा लागतो, आणि वाटेत त्यात जी खरखर शिरेल तीही तितकीच वाढते. म्हणून माइकची वायर जाळीदार आवरणाची असते. तिच्यातल्या दोन तारांतून तोच संकेत उलटसुलट जातो आणि दोन्ही तारांत सारखाच शिरलेला गोंगाट शेवटी परस्पर वजा होतो. वर्धकही ट्रान्सफॉर्मर आणि मोटारींपासून दूर ठेवतात. संगणकाच्या पेटीत नेमके याच्या उलट घडते. तिथे एकाच पत्र्याच्या खोक्यात वीजपुरवठ्याचा एसएमपीएस सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो, पंखा फिरत असतो, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड क्षणोक्षणी वेगवेगळा प्रवाह ओढत असतात. पुढची सगळी गुंतागुंत या विरोधातून निघाली.

शहराला इलेक्ट्रॉनिक्स नवे नव्हते. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून होते. ऐंशीच्या दशकात पैठण रस्त्यावर चितेगावला धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनने तोशिबाच्या सहकार्याने रंगीत टीव्ही बनवायला सुरुवात केली, आणि विद्यापीठाच्या परिसरात केंद्र सरकारचे इलेक्ट्रॉनिक्स प्रशिक्षण केंद्र आले. तेच आज नायलिट म्हणून ओळखले जाते. सोल्डरिंग आयर्न हातात धरू शकणारी, सर्किटचा नकाशा वाचू शकणारी मुले त्यामुळे गावात होती, आणि पुढे असेंबल्ड संगणकाच्या धंद्याला अशीच माणसे लागली. पण संगणक स्वतः तेव्हा मुका होता. चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांत पगारपत्रके नि स्टोअरचे हिशेब करणाऱ्या यंत्रांत १९८१ च्या आयबीएम पीसीसारखाच एक छोटा स्पीकर असे. टायमरच्या चिपने चालणारा हा स्पीकर फक्त ‘चालू’ आणि ‘बंद’ या दोन अवस्था जाणत होता. चूक झाली की बीप, यंत्र सुरू झाले की बीप, एवढेच त्याचे काम. गाणे किंवा बोलणे त्यातून काढायचे प्रयत्न झाले, पण निघे ती चिरकी कुजबुज.

स्वतंत्र कार्डाची गोष्ट सुरू होते ती १९८७ मध्ये. कॅनडातील क्वेबेकच्या अ‍ॅडलिब कंपनीने यामाहाची चिप वापरून नऊ स्वरांचे कार्ड काढले. त्यात वाद्यांचे कृत्रिम स्वर होते, पण ध्वनिमुद्रित आवाज वाजवायची सोय नव्हती. ती उणीव सिंगापूरच्या सिम वाँग हू यांनी भरून काढली. त्यांच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर १९८९ मध्ये आले. त्यात अ‍ॅडलिबचे स्वर होतेच, शिवाय आठ बिटांचा मुद्रित आवाज वाजवता येई आणि माइक लावून आत घेताही येई. १९९२ च्या साउंड ब्लास्टर १६ ने सोळा बिट आणि सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाच्या तितक्या मोजण्या), म्हणजे ऑडिओ सीडीचा दर्जा गाठला. आठ बिटांत सर्वांत मोठा आणि सर्वांत बारीक आवाज यांतले अंतर जेमतेम ४८ डेसिबल राहते, सोळा बिटांत ते ९६ होते. हा फरक कोणाच्याही कानाला लगेच कळतो. आठ बिटांत बोलण्याच्या शेवटचा हळू श्वास वाळू चाळल्यासारखा ऐकू येतो.

औरंगाबादच्या दुकानांत ही कार्डे नव्वदच्या दशकात पोचली ती बहुतांशी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. १९९१ नंतर आयात सैल झाली. १९९७ मध्ये भारत जागतिक माहिती तंत्रज्ञान कराराचा भाग झाला आणि संगणकाच्या सुट्या भागांवरचे आयातशुल्क टप्प्याटप्प्याने २००५ पर्यंत शून्यावर यायचे ठरले. मूळ क्रिएटिव्ह कार्ड घेणारे थोडे. बहुतेक यंत्रांत ईएसएस, यामाहा, क्रिस्टल या कंपन्यांच्या चिपा लावलेली, खोक्यावर ‘साउंड ब्लास्टर कम्पॅटिबल’ छापलेली स्वस्त कार्डे बसत. सीडी ड्राइव्ह, साउंड कार्ड आणि दोन छोटे स्पीकर एकत्र मिळत, त्याला मल्टिमीडिया किट म्हणत. ज्या घरात ते येई त्या घरी शेजारची मुले जमत.

कार्ड बसवणे हे कसबाचे काम होते. कॅबिनेटचे स्क्रू काढून मागच्या बाजूची आडवी पट्टी उचकटायची, काळ्या लांब आयसा स्लॉटमध्ये कार्ड दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवायचे, सीडी ड्राइव्हच्या पाठीमागून येणारी चार पिनांची बारीक वायर कार्डाच्या कोपऱ्यात टोचायची. मग खरी परीक्षा. प्रत्येक कार्डाला प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी एक आयआरक्यू क्रमांक लागे, आणि तो कार्डावरच्या जंपरने, म्हणजे दोन पिनांवर चढवलेल्या टोपीने ठरे. सुरुवातीच्या साउंड ब्लास्टरचा मूळ क्रमांक सात होता आणि प्रिंटरच्या पोर्टचाही सातच. दोघांचे एका वेळी काम पडले की गाणे अडके नाहीतर यंत्र गोठे. अनुभवी माणूस जंपर काढून पाचावर टाकी, कार्डाचा पत्ता २२० ठेवी, स्मृतीशी थेट जोडणारी डीएमए वाहिनी एक ठेवी आणि यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या ऑटोएक्झेकच्या फाइलमध्ये तीच माहिती देणारी ओळ लिही. नेटवर्क कार्डही पाचावरच बसलेले असेल तर पुन्हा पहिल्यापासून. विंडोज ९५ नंतर हा त्रास कमी झाला, मग ड्रायव्हरच्या फ्लॉपीचा आणि सीडीचा काळ आला. ती हरवली की चांगले कार्डही निरुपयोगी ठरे.

या काळात निवडीचा प्रश्नच नव्हता. आवाज हवा तर कार्ड घ्यावे लागे. निवड निर्माण केली ती इंटेलने १९९७ मध्ये आखलेल्या एसी ९७ या पद्धतीने. तिच्यात साउंड कार्डाचे दोन तुकडे केले गेले. आकड्यांची ने-आण करणारा भाग मदरबोर्डच्या मुख्य चिपसेटमध्ये घातला, आणि आकडे व विद्युतदाब यांची अदलाबदल करणारा कोडेक म्हणजे अठ्ठेचाळीस पिनांची एक छोटी चौकोनी चिप बोर्डाच्या मागच्या कडेला, जॅकजवळ ठेवली. स्वर मिसळणे, आवाज कमीजास्त करणे ही कामे प्रोसेसरवर सोपवली. प्रोसेसर तोवर इतके वेगवान झाले होते की या कामाचा भार नगण्य होता. १९९९ च्या इंटेल ८१० चिपसेटमध्ये ग्राफिक्स आणि आवाज दोन्ही आतच आले. सेलेरॉन प्रोसेसर घालून या बोर्डांवर जोडलेले संगणक भारतभर खपले. तैवानच्या रियलटेकसारख्या कंपन्यांचे कोडेक इतके स्वस्त होते की बोर्डाच्या किमतीत त्यांचा वाटा दिसतही नसे.

त्याचा परिणाम दुकानदाराच्या कोटेशनवर सरळ दिसला. प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क यांच्या ओळींत साउंड कार्डाची एक वेगळी ओळ असे. ती गेली आणि मदरबोर्डच्या ओळीतच ‘ऑनबोर्ड साउंड’ हे शब्द आले. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू केला. तालुक्या-तालुक्यांत संगणक केंद्रे निघाली, सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्राची गरज निर्माण झाली आणि एकेका केंद्रासाठी दहा-वीस यंत्रे एकदम विकत घेतली जाऊ लागली. अशा खरेदीत वेगळे कार्ड कोणी कशाला घेईल? धडे ऐकायला ऑनबोर्ड पुरे होते. घरोघर सीडीवरची गाणी, मग एमपीथ्री, मग चित्रपट ऐकायलाही ते पुरे झाले. सायबर कॅफेत आखातात किंवा अमेरिकेत असलेल्या मुलाशी हेडफोन लावून बोलणाऱ्या आईवडिलांनाही चालले. त्या काळच्या इंटरनेटवरून आवाज आधीच इतका तुटत येई की कार्डाचा दोष कोणाला जाणवला नसता.

तरीही सुरुवातीच्या ऑनबोर्ड साउंडची बदनामी झाली, आणि ती खोटी नव्हती. माउस हलवला की स्पीकरमधून किरकिर येई, हार्ड डिस्क चालू झाली की तिचा तालही ऐकू येई. बोर्डावरच्या इतर प्रवाहांची चाहूल कोडेकच्या तारांत शिरे. एसी ९७ चे कोडेक मुळात सेकंदाला ४८,००० नमुन्यांवर चालत, त्यामुळे सीडीचे ४४,१०० नमुने आधी त्या मापात बसवावे लागत आणि घाईघाईच्या ड्रायव्हरांत ते काम भोंगळ होई. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकपर्यंत जाणारी वायर बिनआवरणाची असे आणि एसएमपीएसच्या शेजारून जाई. मागच्या जॅकना लावलेले हेडफोन शांत आणि पुढच्या जॅकना लावलेले खरखरणारे, हा अनुभव त्यामुळे सार्वत्रिक होता. मागे हिरवा जॅक स्पीकरचा, गुलाबी माइकचा, आकाशी लाइन-इनचा, हे रंग १९९९ च्या सुमारास रूढ झाले ते मात्र या काळाचे चांगले देणे.

यात शहराच्या विजेचाही भाग होता. बहुतेक संगणकांना तीन पिनांचा प्लग असला तरी भिंतीतल्या अर्थिंगचा भरवसा नसे. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर मुख्य दाबाच्या निम्मा, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्टचा दाब उभा राहतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने धोका फारसा नसला तरी हात लागला की मुंग्या येतात. असा संगणक हिरव्या जॅकातून मंडपातल्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला की पन्नास हर्ट्झचा जाड घूं आवाज सुरू होतो. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातली माती सुकते, तिचा रोध वाढतो आणि मीठ-कोळसा घातलेल्या त्या खड्ड्यात पाणी ओतावे लागते. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत स्वस्त यूपीएसची भर पडली. बॅटरीवर असताना तो नितळ लहरीऐवजी पायऱ्यापायऱ्यांची वीज देतो आणि तिची कर्कश गुणगुण आवाजात उतरते. वेगळे कार्ड घेऊन यातले काहीच सुटत नसे, कारण दोष कार्डाचा नसून वीज, अर्थिंग आणि जोडणीच्या तारांनी बनलेल्या फेऱ्याचा असे. जाणकार साउंडवाले संगणक आणि मिक्सर यांच्यामध्ये एकास-एक ट्रान्सफॉर्मर घालत, तो फेरा तुटे आणि घूं थांबे. अर्थिंगची पिनच काढून टाकणारेही होते. तो उपाय जिवावर बेतणारा आहे.

कार्डाची बाजू लढवणाऱ्या कंपन्यांनी खेळ आणि चित्रपट यांवर भर दिला. १९९८ च्या साउंड ब्लास्टर लाइव्हने अनेक स्पीकरांचा घुमणारा आवाज आणला. पण इंटेलने २००४ मध्ये एसी ९७ च्या जागी हाय डेफिनिशन ऑडिओ आणले. आठ स्पीकरांचे मार्ग आणि सेकंदाला १,९२,००० नमुन्यांपर्यंतची क्षमता मदरबोर्डवरच आली. २००७ च्या विंडोज व्हिस्टाने आवाजाची सगळी मिसळण प्रणालीच्या आत घेतली, त्यामुळे खेळांना कार्डावरच्या खास चिपकडे जाण्याचा जो थेट मार्ग होता तोही बंद झाला. महाग कार्डाचा मोठा युक्तिवाद तिथेच गळाला. पुढे मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी बोर्डावर रेघ आखून आवाजाचा भाग उरलेल्या मंडलांपासून अलग केला, डाव्या-उजव्या कानाच्या तारा वेगळ्या थरांतून नेल्या. अलीकडच्या कोडेकांवर बाहेर जाणाऱ्या आवाजासाठी १२० डेसिबलपर्यंतचे आकडे छापलेले असतात. ते पूर्ण खरे धरले नाहीत तरी घरात पंखा चालू असताना गाणी ऐकणाऱ्याला याहून अधिक काही मिळवून देणे कोणत्याही कार्डाला शक्य नाही. ऐकणाऱ्यापुरता निकाल लागला, आणि तो योग्यच लागला.

बोलणाऱ्याचा आणि गाणाऱ्याचा निकाल असा लागला नाही. गुलाबी जॅक हा हेडसेटच्या स्वस्त इलेक्ट्रेट माइकसाठी आहे. त्याला दोन-चार व्होल्ट पुरवले की तो बऱ्यापैकी मोठा संकेत देतो. गायकाच्या हातातल्या डायनॅमिक माइकला मात्र हजारपट वाढ लागते, आणि स्टुडिओच्या कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. दोन्ही गुलाबी जॅकात मिळत नाहीत. छापील माहितीपत्रकातले मोठे आकडे बहुधा हिरव्या जॅकचे असतात, हे खरेदी करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

या शहरात गाणारे थोडे नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये इथे सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयाभोवती नागसेनवन उभे राहिले, आणि त्या परिसराच्या भोवती भीमगीतांची मोठी परंपरा. १४ एप्रिलची आंबेडकर जयंती आहेच, शिवाय १४ जानेवारीला, विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देणाऱ्या १९९४ च्या नामविस्ताराच्या स्मरणार्थ, विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी मराठवाड्यातून माणसे लोटतात. कॅसेटच्या जमान्यात गायन पार्टीला स्वतःची कॅसेट काढायची तर मुंबई गाठावी लागे आणि कंपनीच्या मर्जीवर राहावे लागे. संगणकाने ते बदलले. एका खोलीत भिंतीला गाद्या लावून, संगणकावर आधी ढोलकी-कीबोर्डचा ट्रॅक तयार करून त्यावर गायकाचा आवाज घेणारे छोटे स्टुडिओ उभे राहिले. भजनी मंडळे, कव्वाल, लग्नात गाणारे कलाकार, सगळ्यांना ते परवडू लागले.

अशा स्टुडिओत ऑनबोर्ड साउंडची अडचण खरखरीपेक्षाही उशिराची असते. गायक हेडफोनमध्ये ट्रॅक ऐकत गातो आणि स्वतःचा आवाजही त्यातच ऐकतो. विंडोजच्या सामान्य मार्गाने तो आवाज आत जाऊन परत यायला सेकंदाचा दहावा भागही लागू शकतो, आणि एवढा उशीर झाला की गाणारा तालातून सुटतो. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये असिओ नावाचा जवळचा मार्ग काढला. त्यात २५६ नमुन्यांचा साठा ठेवला तर ४४,१०० च्या दराने एका दिशेला सहा मिलिसेकंदांहून कमी वेळ लागतो. ऑनबोर्ड साउंडवर हा मार्ग उघडणारे मोफत सॉफ्टवेअरही मिळते, आणि पैसे नसताना अनेकांनी त्यावर निभावले. पण माइकची वाढ, फँटम पुरवठा आणि असिओ हे तिन्ही एकत्र हवे तर वेगळे साधन लागतेच. यूएसबीवर ध्वनी नेण्याची प्रमाणित पद्धत १९९८ मध्ये ठरल्यानंतर हे साधन संगणकाच्या पेटीतून बाहेर पडले. २०११ मध्ये आलेल्या फोकसराइट स्कारलेटसारख्या मुठीएवढ्या लाल पेट्यांनी स्टुडिओतले स्लॉटमधले कार्ड जवळपास संपवले. रेडिओने आधीपासून पाळलेला नियम, की क्षीण संकेत गोंगाटापासून दूर वाढवावा, तो संगणकाच्या जगाने इतक्या वळणांनंतर मान्य केला.

शहरात ही निवड गाण्याखेरीज संशोधनाच्या निमित्तानेही पुढे आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञान विभागात २०१० च्या सुमारास मराठी उच्चार संगणकाला ओळखायला शिकवण्याचे काम सुरू होते. भारती गवळी, संतोष गायकवाड, प्रवीण यन्नावार आणि सुरेश मेहरोत्रा यांनी सुटे मराठी शब्द ओळखणारी प्रणाली तयार केली. तिच्यासाठी मराठी स्वर, त्या स्वरांनी सुरू होणारे शब्द आणि साधी वाक्ये अनेक स्त्री-पुरुषांकडून बोलवून घेतली. बोलणारा माइकपासून बारा ते पंधरा सेंटिमीटरवर बसे आणि सेकंदाला ११,०२५ नमुने घेतले जात. हे मुद्रण साध्या साउंड कार्डावर न करता कॉम्प्युटराइज्ड स्पीच लॅबोरेटरी, म्हणजे सीएसएल या खास संचावर केले गेले. तो बनवणारी अमेरिकेतील के कंपनी १९५० च्या दशकापासून उच्चारांचे आलेख काढणारी सोनाग्राफ यंत्रे बनवत आली होती. बाजारातल्या सामान्य साउंड कार्डापेक्षा या संचात आत येणारा संकेत गोंगाटाच्या तुलनेत वीस ते तीस डेसिबलने सरस असतो, असा त्या कंपनीचा दावा होता. वीस डेसिबल म्हणजे गोंगाटाची उंची दहापट कमी.

इतकी काळजी मराठीसाठी का घ्यावी लागते हे उच्चारांतच दिसते. ‘क’ आणि ‘ख’ यांतला फरक म्हणजे तोंडातून सुटणाऱ्या हवेचा सेकंदाच्या विसाव्या भागाएवढा फूत्कार. मराठीत ‘म्हण’, ‘न्हाणी’, ‘कोल्हा’ यांतही असाच हकार मिसळतो आणि तो अधिकच दबका असतो. आलेखावर हा फूत्कार करड्या धुक्यासारखा उमटतो. ऑनबोर्ड माइकची खरखरही तसेच करडे धुके उमटवते. दोन्ही एकमेकांत मिसळले की यंत्राला ‘खार’ आणि ‘कार’ वेगळे काढता येत नाहीत. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च यांचा वेगळेपणाही वरच्या कंपनांत असतो. तिथे नमुन्यांचा दर आडवा येतो, कारण ११,०२५ नमुन्यांत साडेपाच हजार हर्ट्झच्या वरचे काही उरत नाही, आणि ‘स’ची सळसळ बरीचशी त्याच्या वर असते. म्हणजे संच कितीही शांत असला तरी दर कमी ठेवला तर सकाराचा काही भाग जातोच. स्वरांच्या अभ्यासाला मात्र हा दर पुरतो, कारण स्वरांची ओळख देणारे पट्टे साडेतीन-चार हजार हर्ट्झच्या आत असतात.

विभागातल्या पुढच्या काही प्रकल्पांत सीएसएलऐवजी चांगला हेडसेट, साधा संगणक, १६,००० नमुन्यांचा दर आणि ॲमस्टरडॅमच्या दोन संशोधकांनी बनवलेले प्राट हे मोफत सॉफ्टवेअर, असा संच वापरला गेला. हे घसरण म्हणून पाहणे चूक ठरेल. प्रयोगशाळेच्या शांततेत शिकलेली प्रणाली बाजाराच्या गोंगाटात चुकते, कारण तिने गोंगाट कधी ऐकलेलाच नसतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी शेतमालाचे भाव मराठीत विचारता यावेत म्हणून जी प्रणाली केली तिच्यासाठी महाराष्ट्राच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे आवाज मुद्दाम फोनवरूनच घेतले गेले. बाजार समितीच्या आवारातून, ट्रॅक्टर चालू असताना, वाऱ्यात उभे राहून माणूस जसा बोलेल तसाच आवाज शिकवायला हवा होता. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या खुल्या संग्रहातही मराठी वाक्ये वाचणारे लोक आपापल्या फोनच्या किंवा लॅपटॉपच्या अंगच्याच माइकवर बोलतात.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा-महाविद्यालये घरात आली तेव्हा ऐकणारा आणि बोलणारा ही विभागणी घराघरांत झाली. ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला फोन किंवा लॅपटॉपचा आवाज चालला. शिकवणाऱ्यांपैकी अनेकांनी यूएसबी हेडसेट घेतला. त्याच्या वायरीतल्या छोट्या डबीत स्वतंत्र कोडेक असतो, म्हणजे तेही एक साउंड कार्डच. हेडफोनचा गोल जॅक काढून टाकलेल्या फोनांना लागणारी बोटभर जोडवायरही बहुधा तीच वस्तू असते. संशोधनातही तशीच विभागणी आहे. उच्चार ओळखण्याच्या कामाला आता गोंगाटासकट फोनचा आवाज लागतो. मात्र उलट काम, म्हणजे मजकूर वाचून दाखवणारा कृत्रिम मराठी आवाज तयार करायचा, तर एका माणसाचे अनेक तासांचे निर्मळ वाचन लागते. त्यात घुसलेली किरकिर यंत्र आवाजाचाच भाग म्हणून शिकते आणि प्रत्येक वाक्यात परत बोलून दाखवते. त्या मुद्रणासाठी अजूनही बंद खोली, कंडेन्सर माइक आणि मदरबोर्डापासून हातभर दूर ठेवलेले वेगळे साधन वापरले जाते.